सोळा दिवसांच्या पुड्या

मावशींच्या घरात प्रत्येक गोष्टीला लेबल असे. औषधाच्या बाटलीवर चिकटवतात तसलं, पांढरं, छोटं, सुबक अक्षरातलं. चहाच्या बरणीवर होतं, ‘दिवसातून दोनदा. तिसऱ्यांदा घेतल्यास मला विचारून.’ दह्याच्या भांड्यावर, ‘हलवू नये.’ मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या दारावरही एक दिसलं. ‘नवीन. हळूहळू सवय होईल.’ ते माझ्यासाठी होतं की त्यांच्या स्वतःसाठी, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

त्या निवृत्त फार्मासिस्ट होत्या. तीस वर्षं त्यांनी एका हॉस्पिटलच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत गोळ्या मोजल्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती लेक शिकागोला वकील होती, आणि मिशिगनमधल्या ट्रॉय गावातलं ते तीन बेडरूमचं घर त्या एकट्याच चालवत. मी तिथल्या जवळच्याच विद्यापीठात एमएस करायला आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मोठी माणसं काही सांगू लागली की मी वही काढते. मावशींना ही सवय फार आवडली. म्हणाल्या, “माझ्या मुलीनं आजवर माझं एक वाक्य लिहून घेतलेलं नाही. कोर्टात वापरता येईल म्हणून घेतलं असेल तेवढंच.”

खोली भाड्यानं देताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. “वडील काय करतात?”

“पिठाची गिरणी आहे.”

“तुला चालवता येते?”

“हो. दळण जाड-बारीक करता येतं.”

“मग खोली तुझी,” त्या म्हणाल्या, आणि मला तळघरात घेऊन गेल्या.

तळघरात पिंगपाँगचं टेबल होतं. त्यावर जाळी नव्हती, नकाशा होता. एकमेकांना चिकटवलेले अकरा कागद, त्यावर निळे डाग आणि निळ्या रेषा, आणि त्यांतून लाल पेन्सिलीनं काढलेला एक वाकडातिकडा रस्ता. ती नदी कॅनडात, फार उत्तरेला होती. जिथे रस्ते संपतात, तिथून पुढे छोट्या विमानानं जायचं. विमान पाण्यावर उतरतं, तुम्हाला आणि तुमच्या कनूला एका तळ्यात सोडतं आणि निघून जातं. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, हलकी होडी, दोन माणसांची. मग सोळा दिवस वल्हवत जायचं. दोन्ही काठांना सूचीपर्णी झाडांचं दाट जंगल, अस्वलं, डास. जिथे धबधबा येईल तिथे होडी डोक्यावर घेऊन जंगलातून पुढे जायचं आणि पुन्हा पाण्यात उतरायचं. सोळाव्या दिवशी दुसऱ्या एका तळ्यात विमान परत न्यायला येतं.

नदीला नाव होतं, नकाशावर छापलेलंही होतं. पण मावशी ते कधी घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याला ‘अहो’ म्हणायच्या, तशा त्या नदीला ‘ती’ म्हणत. “ती जूनमध्ये थोडी रागात असते,” किंवा “तिसऱ्या दिवशी ती एकदम रुंद होते.” पहिला महिनाभर मला वाटे की त्या लेकीबद्दल बोलताहेत.

“पण का, मावशी?” मी एकदा धीर करून विचारलं.

“तीस वर्षं लोकांनी मला एकच गोष्ट विचारली. ही गोळी जेवणाआधी की नंतर. सोळा दिवस मला कुणी काही विचारू नये, एवढंच.”

हे मी वहीत लिहून घेतलं. मग पुढचा प्रश्न विचारला नाही.

अडचण अशी होती की हे सगळं त्याच उन्हाळ्यात व्हायला हवं होतं. मावशींचं वय एकोणसत्तर. सप्टेंबरात घर विकून लेकीकडे शिकागोला राहायला जायचं, हे दोघींचं ठरलं होतं. लेकीच्या अपार्टमेंटमध्ये बाराव्या मजल्यावर होडी चढणार नव्हती आणि तिच्या नजरेसमोर असं काही शिजणारही नव्हतं. म्हणजे हा जून, नाहीतर कधीच नाही. त्यातून मावशींनी लेकीला शब्द दिला होता की ती मनापासून हो म्हणाली तरच जाईन. लेकीची अट एकच होती. होडीत पुढे बसणारं माणूस भरवशाचं हवं, पोहणारं हवं. मे अखेरीच्या मेमोरियल डेच्या सुट्टीत ती स्वतः येऊन बघणार होती.

मावशी थापा भरपूर मारत. पण दिलेला शब्द त्यांनी मोडल्याचं मी एकदाही पाहिलं नाही.

पुढे बसणारं माणूस म्हणजे मी आहे, हे मला फेब्रुवारीत कळलं. त्यांनी विमान कंपनीचा एक फॉर्म भरून लेकीलाही पाठवला होता, त्यात माझं नाव होतं आणि ‘पाण्याचा अनुभव’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘गोदावरीच्या काठी वाढलेली.’

“मावशी, मला पोहता येत नाही.”

“गोदावरीच्या काठी वाढलीस की नाही?”

“वाढले. पण उन्हाळ्यात आमच्या इथे नदीतून चालत पलीकडे जातात. आणि पावसाळ्यात आई काठावर फिरकू देत नाही.”

“ते सगळं रकान्यात मावत नाही गं,” मावशी म्हणाल्या.

खाण्याची तयारी हिवाळाभर चालली. सोळा दिवसांचं सामान दोघींना पाठीवर वाहायचं होतं, म्हणून मावशींचं म्हणणं असं की पाणी असलेला कुठलाही पदार्थ घरातून निघताच कामा नये. कांदा, टोमॅटो, पालक, शिजवलेला भात, सगळं यंत्रात घालून वाळवायचं आणि मग माझ्याकडे द्यायचं. मी मिक्सरवर दळत असे. घराला असा वास यायचा की माझ्या वर्गातली एक मुलगी एकदा माझ्या कोटाचा वास घेऊन म्हणाली, “यू स्मेल लाइक लंच.” मग मावशी छोट्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन करत, आणि पुड्या बांधत. प्रत्येक पुडीवर लेबल. ‘दिवस सहावा. रात्री. पिठलं, दोन माणसांना. उकळत्या पाण्यात हळूहळू सोडावं. गुठळ्या झाल्यास डॉक्टरांना कळवू नये.’ हिंगाच्या डबीवर मात्र लाल अक्षरात होतं, ‘अस्वलांच्या हाती लागू देऊ नये.’ हिंगाच्या वासानं अस्वल येतं की पळतं, यावर त्यांचा आणि माझा वाद एप्रिलपर्यंत मिटला नाही. शेवटी हिंग पाच डब्यांत, एकात एक घालून न्यायचं ठरलं.

संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं, ते ट्रॉयच्या मराठी बायका अजून विसरलेल्या नाहीत. डास चावू नयेत म्हणून डोक्यावरून घालायची हिरवी जाळी मिळते. मावशींना दोन हव्या होत्या, पण त्यांनी चोवीसचं खोकं मागवलं होतं, कारण त्यांना कुठलीही गोष्ट दोन घेणं हा अपमान वाटे. मग उरलेल्या बावीस जाळ्या त्यांनी वाण म्हणून वाटल्या. बाहेर गुडघाभर बर्फ, आत पैठण्या नेसलेल्या बावीस बायका, आणि प्रत्येकीच्या हातात तिळगुळासोबत डासांची जाळी.

एक काकू घाबरत घाबरत म्हणाल्या, “हे कशासाठी गं?”

“संसारात उपयोगी पडतं,” मावशी म्हणाल्या. “घाल. नवरा बोलायला लागला की पुढे ओढायची.”

फोटोत सगळ्यांनी त्या जाळ्या घातलेल्या आहेत. सगळ्या हसताहेत, असं मला वाटतं. जाळीतून नीट दिसत नाही.

सरावाची होडी जुनी होती, हिरवी. हिवाळाभर ती गॅरेजमध्ये राहिली आणि मावशींची गाडी बाहेर बर्फात. मार्च संपता संपता आम्ही ती मागच्या हिरवळीवर आणली. आमच्या वसाहतीत एक कृत्रिम तळं आहे, पण त्यात होडी घालायला असोसिएशनची परवानगी नव्हती. म्हणून आम्ही गवतावर होडीत बसायचो आणि हवेत वल्ही मारायचो. मी पुढे, मावशी मागे. “डावं. डावं. उजवं. दगड आला. दगड गेला.” तळ्यावरचे रानहंस येऊन बघत राहायचे.

शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ राहत. चार दिवस त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. पाचव्या दिवशी कुंपणाशी येऊन त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं की हे काय चाललंय.

“आमचा सण आहे,” मावशी म्हणाल्या.

माझा चेहरा मला लपवता येत नाही, म्हणून मी खाली गवताकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी ते कुकीजची ताटली घेऊन आले. वर चिठ्ठी होती, तुम्हा सर्वांना सणाच्या शुभेच्छा. मावशींनी त्यांना बेसनाचे लाडू पाठवले आणि कळवलं की सण मे अखेरपर्यंत आहे.

मी म्हटलं, “मावशी, हे बरोबर नाही.”

“का? तुला वाटलं नाही सणासारखं?”

वाटलं होतं. ते मी कबूल केलं नाही.

पोहायला मी गावातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये जाऊ लागले. शिकवणारी मुलगी शाळेत जाणारी होती, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. ती फार धीरानं शिकवायची. पाच आठवड्यांनी मला तलावाची अर्धी लांबी जमायला लागली. अर्ध्यावर मी कठडा धरायचे. बाजूला साठीपुढच्या बायका पाण्यातला व्यायाम करायच्या, त्या प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायच्या. मावशी काठावर बाकड्यावर बसून पुड्यांची यादी तपासत असायच्या. त्यांना स्वतःला मात्र मासोळीसारखं पोहता येत होतं, आणि ते त्या कुणाला दाखवत नसत.

एप्रिलपासून शनिवारी आम्ही होडी गाडीच्या टपावर बांधून जवळच्या स्टेट पार्कमधल्या खऱ्या तळ्यावर जायचो. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय मावशी मला होडीला हातही लावू देत नसत. पाण्यात त्यांची थट्टा बंद व्हायची. हे मला तेव्हा विशेष वाटलं नाही.

मग ती सुट्टी आली. लेक शिकागोहून पहाटे निघाली आणि अकराच्या सुमारास थेट तळ्यावर पोचली. मी तिला ताई म्हणायचे. चाळिशीची, उंच, बोलणं बहुतेक इंग्रजीत. शाळेत असताना ती उन्हाळी शिबिरांत कनू चालवायला शिकली होती, त्यामुळे तिला काय विचारायचं हे नेमकं माहीत होतं. लाकडी धक्क्यावर हाताची घडी घालून ती उभी राहिली. आम्ही दोघी होडीत बसलेल्या.

“आई सांगते तू नदीवर वाढलीस,” ती म्हणाली.

“काठावर,” मी म्हणाले.

“पोहता येतं?”

मागून मावशींनी वल्ह्यानं होडीच्या तळाला हळूच टकटक केलं. आदल्या दिवशी त्यांनी मला उत्तर पाठ करून दिलं होतं: लहानपणापासून. मी तोंड उघडलं. समोर ताई उभी होती, तिच्यामागे तिची गाडी, आणि ती पाच तास गाडी चालवून फक्त आईची काळजी वाटते म्हणून आली होती.

“अर्धा तलाव,” मी म्हणाले. “पाच आठवडे झाले शिकतेय. अर्ध्यावर कठडा लागतो.”

मावशी बदकांकडे बघत होत्या.

“फॉर्मवर काय लिहिलंय मग?”

“ते मी लिहिलेलं नाही. पण मला माहीत होतं.”

“थँक यू,” ताई म्हणाली. मग आईकडे वळून, पहिल्यांदाच मराठीत, “झालं. नाही जायचं.”

“ठीक,” मावशी म्हणाल्या. शब्द दिला होता, त्यामुळे त्यांनी वादही घातला नाही. परत येताना गाडीत त्यांनी रेडिओ लावला आणि कुठल्यातरी स्टेशनवरचा हवामानाचा अंदाज शेवटपर्यंत ऐकला. ताई त्याच संध्याकाळी शिकागोला परत गेली.

पुढचे तीन दिवस मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. पण लेबलं येत राहिली. भाजीच्या कढईवर, ‘खाऊन घे.’ माझ्या दारावर, ‘राग. दिवसातून तीनदा, जेवणानंतर.’ दुसऱ्या दिवशी, ‘राग. दिवसातून दोनदा.’ तळघराचं दार बंद होतं. सोळा दिवसांच्या पुड्या टेबलावर रांगेत होत्या आणि त्या त्यांनी उचलल्याही नव्हत्या, उघडल्याही नव्हत्या. माझ्यामुळे एका माणसाची नदी गेली, हे मला अभ्यासात, बसमध्ये, सगळीकडे आठवत राहिलं. खोली सोडावी का, असाही विचार आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी लायब्ररीत असताना ताईचा फोन आला.

“आईला सांगू नकोस मी फोन केला म्हणून.”

“त्यांनी विचारलं तर सांगावं लागेल, ताई.”

ती बहुधा हसली असावी. “बरं. मला एक सांग. पोहणं सोड. ती पाण्यात कशी आहे? खरं सांग. जमेल तिला?”

मला ‘जमेल’ म्हणता येईना, कारण मला ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, “मी फक्त पाहिलेलं सांगते.” आणि बॅगेतून वही काढली. होडी डोक्यावर घेऊन त्या आमच्या रस्त्याच्या टोकापर्यंत आणि परत, न थांबता, किती वेळा गेल्या ते सांगितलं. उजव्या खांद्याला दुखतं, तेही सांगितलं. दुखल्यावर त्या डावीकडून वल्हवतात आणि मला ते कळू देत नाहीत, पण कळतं. मग म्हणाले, “आणि आम्ही दोनदा अर्ध्यातून परत आलो.”

“का?”

“एकदा वारा फिरला म्हणून. पलीकडचा काठ अगदी जवळ होता, मी जाऊया म्हणाले. त्यांनी होडी वळवली. दुसऱ्यांदा माझे हात गारठले होते. मी काही नाही म्हटलं, पण त्यांनी माझी बोटं बघितली आणि वळवली. दोन्ही वेळा मला राग आला होता.”

“आई परत फिरली?” ताईनं विचारलं. “माझी आई? स्वतःहून?”

“हो.”

“ती आजवर कधी भांडणातूनसुद्धा परत फिरलेली नाही.”

मग ती इंग्रजीत म्हणाली, “तुला मी पाठवू शकत नाही. सॉरी. अर्धा तलाव पुरत नाही.”

“मला माहीत आहे.”

“पुढे मी बसेन,” ती म्हणाली. “शिबिरात मी पुढेच बसायचे.”

संध्याकाळी तिनं आईला फोन करून तेच सांगितलं, माझ्याशी बोलल्याचंही. मावशींना आनंद झाला असेल, असं मला वाटलं होतं. फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि तीन दिवसांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य असं होतं: “ती सोळा दिवस मला सूचना देणार.”

“मावशी, मला माफ करा. तळ्यावर मी—”

“माफ कशाला? अगं, खोटं बोलणारी माणसं मला इथल्या मराठी मंडळात पन्नास मिळाली असती. त्यांचं तिनं ऐकलं असतं का?”

म्हणजे हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं, की तेव्हाच सुचलं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं आणि मी ते लिहून घेतलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी टपालानं एक छोटं यंत्र आलं. जंगलात फोन चालत नाही, म्हणून उपग्रहातून निरोप पाठवायचं. त्याला पडदा नव्हता, नुसती बटणं. कुठल्या बटणानं कुठला निरोप जाईल, हे घरून निघण्याआधीच कॉम्प्युटरवर भरून ठेवावं लागतं. जंगलात गेल्यावर बदलता येत नाही, आणि उलट उत्तरही येत नाही. मावशींनी खोलीचं दार लावून घेतलं आणि ते एकटीनंच भरलं. रात्री ताई आली, तेव्हा त्यांनी यंत्र तिच्या जाकिटाला अडकवून दिलं.

“पहिलं बटण रोज संध्याकाळी, ठीक आहोत. दुसरं, उशीर होईल. तिसरं मी सांगेन तेव्हाच दाबायचं. अर्धा रस्ता झाल्याचं आहे ते. सगळे निरोप हिच्या फोनवर येतील.”

दुसऱ्या दिवशी त्या उत्तरेला गेल्या. रोज संध्याकाळी माझ्या फोनवर इंग्रजी अक्षरांत येई, ठीक आहोत. मी तळघरातल्या नकाशावर अंदाजानं खूण करत असे. पाचव्या दिवशी निरोप आला नाही आणि मी जेवले नाही. सहाव्या दिवशी सकाळी ‘उशीर होईल’चा आला आणि संध्याकाळी पुन्हा ‘ठीक आहोत’.

नवव्या दिवशी तिसरा निरोप आला.

‘लेक छान वल्हवते. तिला सांगू नकोस.’

मी तो दोनतीनदा वाचला. ताईनं स्वतःच्या बोटानं तो पाठवला होता. आणि मावशींनी तो भरला तेव्हा ताई ट्रॉयला पोचलीही नव्हती. शाळा सुटल्यापासून तिनं आईसमोर वल्हं हातात धरलेलं नव्हतं.

सोळा दिवसांची नदी त्यांनी सतरा दिवसांत संपवली आणि त्या घरी आल्या. दोघींचे चेहरे डासांनी सुजलेले, केस विचित्र, आणि दोघी गाडीतून उतरताना तंबूच्या खुंट्या कुणी हरवल्या यावर इंग्रजी-मराठीत भांडत होत्या. मी सामान घ्यायला पुढे झाले.

“अर्ध्या रस्त्याचा मेसेज मिळाला ना?” ताईनं विचारलं. “आई तिथे उभी राहून म्हणाली, आता दाब. मिळाला?”

“मिळाला,” मी म्हणाले.

“काय लिहिलं होतं तिनं?”

मावशी गाडीच्या मागून सॅक ओढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“की सगळं छान चाललंय,” मी म्हणाले.

ताईनं क्षणभर माझ्याकडे निरखून बघितलं. माझे कान गरम झाले होते.

“नक्की?”

“अगं, तिला काय नक्की विचारतेस,” मावशी सॅक माझ्या हातात देत म्हणाल्या. “ती कधी खोटं बोलते का?”